खांब क्रमांक अकरा

टेपचं एक टोक सिद्राम गुरवाच्या हातात,
दुसरं माझ्या.
मधे आठ-साडेआठशे वर्षं,
आणि दोन मीटर चौऱ्याऐंशी.

शिरोळच्या अंगाला, उसात बुडालेलं गाव.
देवळाकडं यायचं ट्रॅक्टरच्या चाकोरीतून.
काळा दगड. चुना नाही, माती नाही,
दगडानं दगड धरलाय नुसता,
भांडलेल्या भावांनी
एकच बांध धरून राहावं तसा.

फॉर्मवर रकाने आहेत:
कालखंड, शैली, द्रव्य, स्थिती.
स्थितीपुढं तीनच शब्द, बरी, मध्यम, वाईट.
खांब एक ते दहा: बरी.
खाली चौकोन, मग आठ कोन, मग गोल कडी,
इतकी गुळगुळीत
की बोट काढलं तर वाटतं, अजून फिरतीय.

तळाशी हत्ती. एकोणीस मोजले.
अठरा निघालेत डावीकडं,
एक मागं वळून बघतोय.
"त्यो चुकार," सिद्राम म्हणतो,
"पोरं त्येच्यावरच बसत्यात."
पाठ त्याची घासून आरशासारखी झालीय.
चूक, की मस्करी?
मुकादम त्या दिवशी बाजाराला गेला असेल का?
मस्करीला फॉर्मवर रकाना नाही.

मंडपात पुराच्या खुणा:
पाचचा निळ्या रंगात, माझ्या गुडघ्याशी.
एकोणीसचा तांबडा, कपाळावर.
एकवीसचा खडूनं, अर्धा पुसलेला.
तोवर सवय झाली होती.

अकरावा खांब.
कुठल्याशा जत्रेला पंचायतीनं ह्याला
गुलाबी ऑइल पेंट दिलेला, वर चंदेरी पट्टा.
पुरात तो फुगला, पापुद्र्यांनी सुटला,
आणि आतून अक्षरं निघाली.
बारा ओळी. गोलगोल,
सुपात पसरलेल्या जोंधळ्यासारखी.

मला वाचता येत नाहीत.
गावातही कुणाला नाहीत.
सिद्रामच्या आज्याच्या वेळी, म्हणे,
खजिन्याचा पत्ता समजून
कुणी रातोरात खणलंही होतं खांबाबुडी.
खड्डा अजून आहे.
खांब तेव्हापासून पूर्वेला कललाय, किंचित,
कान देऊन ऐकतोय जणू.

दुपारी चहा घेऊन महानंदा आली,
सिद्रामची सून. माहेर शेडबाळ, नदीपल्याड.
किटली ठेवली, पदराला हात पुसले,
सहज बघावं तसं बघितलं.
मग चौथ्या ओळीवर बोट टेकलं,
तांदूळ निवडताना खडा लागावा तसं.

"ए… ण्णे."
आम्ही दोघंही गप्प.
"एण्णे, सायेब. म्हंजे तेल.
आमच्यात एण्णीच म्हंत्यात."
म्होरं काय?
म्होरलं लागेना. "ह्येचं शेपूट येगळंच हाय.
जुनं हाय ह्ये."
सातव्या ओळीत पुन्हा: एण्णे.
मग एक "दी", आणि पुढं दगडच उडालेला.

वरच्या ओळींत राजा असेल,
त्याची बिरुदं असतील, हत्तींच्या संख्येसह.
खाली शापही असेल, मोडणाऱ्याच्या आईबापांचा.
आम्हाला पोचलं ते एवढंच:
तेल.
पळीभर की बुधलाभर,
रोज की सणासुदीला,
कुण्या घाणेकऱ्यानं, कुठल्या नवसापोटी,
कोण जाणे.

सिद्राम गाभाऱ्याकडं बघत राहिला.
तिथं झिरोचा बल्ब आहे, तांबडा.
वीज असली की लागतो.
सकाळपासून नव्हती.

मी लिहिलं: खांब क्रमांक अकरा.
लेख: आहे. भाषा: कानडी, जुनी.
वाचन: एक शब्द, दोनदा.
वाचणारी: महानंदा सिद्धाप्पा गुरव.
(हा रकाना मी पेननं आखला.)
स्थितीपाशी आलो
आणि तिन्हीपैकी कशावर खूण करायची
ते ठरेना.

टेप गुंडाळत होतो.
ती किटली विसळत होती, पाठमोरी.
"मामा," म्हणाली, "घरात तेल किती हाय?"
"तुला ठावं. मला काय इचारतीस?"
असं म्हणत त्यानं पायानंच चप्पल ओढली
आणि उसाच्या कडेकडेनं
वाण्याकडं निघाला.